ऐंशी यार्डांवर अडलेला नर आणि पोटाखालून गेलेला बाण

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहता आणि गेल्या सप्टेंबरात पहिल्यांदाच धनुष्य घेऊन एल्कमागे, म्हणजे इथल्या सांबरासारख्या थोराड हरणामागे, गेलात. एका सकाळी एका नराने तुमच्या प्रत्येक हाकेला ओ दिली, ८० यार्डांच्या आसपास आला, तिथेच झाडीत उभा राहून ओरडत राहिला आणि शेवटी पाठ फिरवून गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसरा नर तोंडातून आवाज न काढता समोर उगवला. तुम्ही ४० यार्ड धरून बाण सोडला, तो पोटाखालून मातीत गेला. नंतर मोजलंत तर ५२ निघाले. आता तुम्ही विचारताय की कॉल, म्हणजे एल्कचा आवाज काढायचं साधन, कुठला घ्यावा, धनुष्यावरच बसणारा अंतर मोजणारा साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, घ्यावा का, आणि यंदा मित्रही लायसन काढून बरोबर येणार आहे तर त्याला कुठे उभं करावं.

साइटचं आधी उरकतो. कोलोरॅडोत अंतर मोजणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण धनुष्याला लावून शिकार करता येत नाही. हातातला रेंजफाइंडर चालतो. बाकी काही राज्यांत नियम वेगळे आहेत, म्हणून तो साइट दुकानात दिसतो. कॉलचं म्हणाल तर तुमच्या कॉलमध्ये फारसं वावगं नव्हतं. नर ८० यार्डांपर्यंत आला याचा अर्थ त्याला आवाज पटला होता. नवा कॉल आणलात तर तो पुन्हा ८० यार्डांपर्यंतच येईल.

दोन्ही वेळा फसलं ते एकाच ठिकाणी. हाक कुठून द्यायची हे तुम्ही आपल्या सोयीने ठरवलंत आणि नर कुठे येऊन उभा राहील हे त्याच्या मर्जीवर सोडलंत. बाणाच्या शिकारीत हाक आणि अंतर हे दोन विषय नाहीत. नर येऊन थांबणार ती जागा तुम्ही आधी ठरवायची, मोजून ठेवायची, आणि मग तोंड उघडायचं.

तो का अडतो, ते बघा. माजाच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरची सुरुवात, नर ओरडतो ते बऱ्याच अंशी माद्यांनी आपल्याकडे यावं म्हणून. तुम्ही मादीचा आवाज काढून त्यालाच बोलावता, म्हणजे रानातली रीत उलटी करता. तरी तो येतो, पण एका अटीवर: जिथून आवाज आला ती जागा नजरेला पडली की तिथे मादी दिसली पाहिजे. एल्कचे कान इतके नेमके असतात की शंभर यार्डांवरून एकदा ऐकलेला आवाज कुठल्या झाडापाशी झाला हे त्याला जवळजवळ बरोबर कळतं. तो त्या झाडाकडे नजर जाईल अशा पहिल्या ठिकाणी येतो, उभा राहतो आणि बघतो. मादी नाही. मग तिथूनच तो ओरडतो, "दिसत का नाहीस?" असं विचारल्यासारखा. तुम्ही पुन्हा हाक देता, आता त्याच झाडामागून आवाज येतो आणि तरीही मादी दिसत नाही. त्याची खात्री पटते की काहीतरी गडबड आहे.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ॲस्पेनच्या मोकळ्या झाडीत, उताराच्या वरच्या टोकाला बसला होतात, कारण तिथून लांबचं दिसत होतं. लांबचं दिसतं ती बंदुकीची जागा. तुम्हाला जिथवर दिसतं तिथून त्यालाही तुम्ही दिसता. धनुष्याला जागा हवी ती अशी, की नराला तुमच्या झाडापर्यंत नजर पोचवायची तर त्याला ३० यार्डांच्या आत यावंच लागेल.

अशा जागा नकाशावर सापडत नाहीत, पायाखाली सापडतात. जुना लाकूडतोडीचा रस्ता जिथे वळण घेतो तिथे वळणाच्या अलीकडे. उतारावर जो छोटा सपाट टप्पा असतो, त्याच्या कडेला न बसता कडेपासून २५ यार्ड आत, म्हणजे खालून येणारा नर कडेवर डोकं काढेल तेव्हाच आत बघू शकेल. वादळात पडलेल्या स्प्रूसच्या खोडांची अडगळ, तिच्या पलीकडे. उत्तरेकडच्या उतारावर दाट काळं रान संपून ॲस्पेन सुरू होतात त्या शिवेपासून थोडं आत. कुठेही गेलात तरी हाक देण्याआधी आजूबाजूला गोल फिरून स्वतःला एकच विचारा: ही जागा पहिल्यांदा कुठून दिसते? उत्तर ६० यार्ड आलं तर तिथून हाक मारू नका. नर पलीकडे कितीही ओरडत असला तरी दोन मिनिटं घालवून जागा बदला.

एक बारीक गोष्ट. आडोशाच्या मागे बसू नका, पुढे बसा. पाठीशी जाड खोड किंवा छोट्या स्प्रूसची झुडपं घ्या, म्हणजे तुमची आकृती त्यात विरून जाते आणि समोर धनुष्य मोकळं ओढता येतं. मागे लपलेल्या माणसाला नर दिसतो, पण बाण सोडायला वाट नसते, मग तो माणूस खुसफुस करत बाजूला सरकतो आणि तिथेच खेळ संपतो.

मित्राला कुठे उभं करायचं याचं उत्तर आता सोपं आहे. तो हाक देणार, तुम्ही पुढे. दाट रानात तो तुमच्या मागे ४० यार्ड, विरळ झाडीत ६० किंवा जास्त. त्याच्यापासून ८० यार्डांवर नर अडला तर तुमच्यापासून तो २०-२५ वर उभा असेल, आणि त्याची नजर तुमच्यावर नसून मागच्या आवाजावर असेल. पण दोघं एका सरळ रेषेत राहू नका. नर बहुतेक वेळा सरळ येत नाही, अर्धवर्तुळ घेऊन आवाजाच्या वाऱ्याखाली जायला बघतो, म्हणजे वास घेऊन खात्री करता येते. तेव्हा तुम्ही मित्राच्या पुढे आणि वारं ज्या बाजूला वाहतंय त्या बाजूला सरकून बसा. नर वळसा घेईल तो तुमच्या अंगावरून. मित्राने एका जागी गप्प बसून राहू नये. त्याने थोडं चालावं, काटक्या मोडाव्यात, दगड लोटावा, नर जवळ असेल तर जाड काठीने झाडाचं खोड घासावं. खऱ्या कळपाचा आवाज होतोच, आणि नुसत्या गोड हाकेपेक्षा असल्या आवाजाने नराचा संशय जास्त फिटतो. नर एका बाजूने सटकायला लागला तर मित्राने उलट्या बाजूला सरकून हाक द्यावी, म्हणजे तो पुन्हा तुमच्या समोर ओढला जातो. ही युक्ती मला सगळ्यांत भरवशाची वाटते आणि ती एकट्याला करता येत नाही.

एकटे असाल तर हाक देऊन जागेवर चिकटून राहायचं नाही. हाक द्या, मग गुपचूप ३०-४० यार्ड त्याच्या दिशेने पुढे सरका आणि बसा. त्याच्या मनातली मादी मागेच राहते. पुढची हाक देताना ग्रंट ट्यूबचं, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या नळीचं, तोंड पाठीमागे करून द्या, आवाज मागून आल्यासारखा वाटतो.

वाऱ्याबद्दल एक परिच्छेद तरी लिहायलाच हवा, कारण वारं चुकलं तर वरचं सगळं फुकट. नऊ ते अकरा हजार फुटांवरच्या डोंगरात निरभ्र दिवशी हवेची वेळापत्रकं ठरलेली असतात. रात्रभर गार झालेली हवा पहाटे उताराने खाली वाहते. ऊन उताराला लागलं की नऊ-दहाच्या सुमारास ती वर जायला लागते. संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. मधला अर्धा-पाऊण तास मात्र ती चारी दिशांना भरकटते आणि त्या वेळात नराजवळ जाण्यापेक्षा मी गप्प बसून राहतो. पहाटे एल्क कुरणातून चरून वरच्या दाट रानाकडे चढतात, तेव्हा त्यांच्या खालच्या अंगाला किंवा बाजूला राहा. वारं कुठे वाहतंय ते दाखवणाऱ्या पावडरची छोटी बाटली खिशात नको, गळ्यात ठेवा. मनात आलं की दाबता आली पाहिजे. एल्क डोळ्यांनी दिसलेल्या वस्तूला दोनदा माफ करतो, कानाला एकदा, नाकाला कधीच नाही.

आता हाकांकडे येतो. यात लोक अडकून पडतात, आणि कॉल विकणारे त्यांना आणखी अडकवतात. तुम्हाला शिकायचे आवाज मोजकेच आहेत. मादीची साधी हाक, वरच्या सुरात सुरू होऊन खाली घसरणारी, सेकंदभराची, मांजरीच्या म्यावच्या वळणाची. पिलाची तीच हाक, अधिक बारीक आणि आखूड. नराचा ब्यूगल, म्हणजे खालच्या घोगऱ्या सुरातून एकदम शिट्टीवर चढणारा, टिकणारा आणि घसरत संपणारा, त्यामागे कधी 'अं-अं-अं' अशा तुटक हुंकारांची माळ. आणि एक आवाज जो तुम्ही कधीही काढायचा नाही पण ओळखता आला पाहिजे: कुत्र्यासारखी एकच कोरडी भुंक. ती धोक्याची सूचना. आपल्याकडच्या रानात फिरलेल्यांना सांबराचा 'पाँक' ठाऊक असतो, तसंच हे. ती ऐकू आली की त्या कळपापुरती सकाळ संपली.

मादीच्या हाकेसाठी दातात धरून फुंकायचा रीडचा कॉल तासाभरात जमतो. पण त्याला एक हात लागतो, आणि नर २५ यार्डांवर असताना तुमचे दोन्ही हात धनुष्यावर असणार. म्हणून डायफ्राम शिकाच. घोड्याच्या नालेसारखी चौकट, त्यावर ताणलेला लॅटेक्सचा पातळ पडदा. तो टाळूला वर चिकटवायचा, सरळ कड दातांकडे, आणि जिभेचा मधला भाग हलका टेकवून पोटातून हवा सोडायची, जणू गरम श्वासाने चष्म्याची काच धुरकट करताय. सुरुवातीला हमखास ओकारी येते. चौकट रुंद वाटत असेल तर तिच्या कडेची टेप कात्रीने थोडी कापा, बहुतेकांची ओकारी तिथेच थांबते. आधी नुसता एक सूर सलग धरता येईपर्यंत दुसरं काही करू नका. मग जिभेचा दाब एकदम सोडला की सूर खाली पडतो, तीच मादीची हाक. गाडीत एकटे असताना सराव करा, घरात केलात तर घरचे डायफ्राम कचऱ्यात टाकतील. वापरून झाला की धुऊन, सुकवून, पडद्यांच्या मध्ये पातळ प्लास्टिक घालून फ्रिजमध्ये ठेवा, लॅटेक्स जास्त दिवस टिकतं.

आवाज शिकायची उत्तम शाळा तुमच्यापासून तासाभराच्या आसपास आहे. सप्टेंबरात संध्याकाळी एस्टेस पार्कवरून रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधल्या मोरेन पार्कच्या कुरणाशी जा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागातले एल्क शिकारीने जवळपास संपले होते. १९१३-१४ मध्ये यलोस्टोनच्या बाजूने आणून सोडलेल्यांपासून इथले कळप पुन्हा वाढले. पार्कात शिकार नाही, कॉल वाजवायलाही बंदी आहे, आणि एल्कपासून किमान ७५ फूट लांब राहायचा नियम आहे. तुम्ही फक्त ऐका. तिथे कळतं की खरा नर दर दोन मिनिटांनी छाती फुगवून ब्यूगल देत नाही, की माद्या सतत बारीक कुजबुजत असतात, आणि बऱ्याच खऱ्या नरांचा आवाज इतका फाटका असतो की तो एखाद्या नवशिक्याचा वाटावा. रानात उलट घडतं: फार सुरेल, ठरल्यासारखा ब्यूगल ऐकू आला तर पलीकडे बहुधा तुमच्यासारखाच कोणीतरी झाडामागे बसलेला असतो. सप्टेंबरच्या मध्यावर ठासणीच्या बंदुकांचा हंगामही याच रानात चालू असतो. एल्कचे आवाज काढत झुडपात बसणाऱ्याने त्या दिवसांत येता-जाता डोक्यावर नारिंगी टोपी ठेवावी. नियम काय म्हणतो ते नियमपुस्तकात बघाच, मी मात्र ती ठेवतोच.

कुठली हाक कधी? मी फार कमी हाक देणाऱ्यांपैकी आहे. पहाटे कुठे आहेत ते कळायला एक लांब, उंच, साधा ब्यूगल, हुंकार न जोडता. उत्तर आलं की गप्प राहून १५० यार्डांच्या आत जायचं, वर सांगितली तशी जागा धरायची आणि मग मादीची एक-दोन सौम्य बोलणी. लांबून शंभर हाका मारण्यापेक्षा जवळून एक बरी. नराकडे आधीच माद्यांचा कळप असेल तर लांबच्या आव्हानाला तो भांडायला येत नाही, माद्यांना हाकलत पुढे निघून जातो. त्यालाच शंभर यार्डांच्या आत शिरून, त्याचा ब्यूगल संपायच्या आत मध्येच तोडून घोगरा आखूड ब्यूगल दिला की अंगावर येतो. हा डाव एकतर लगेच लागतो किंवा सगळा कळप पळतो. आणि तुमच्यासमोर संध्याकाळी आला तसला न बोलणारा नर, तो बहुतेक कळपाच्या कडेने फिरणारा तरुण असतो. मोठा नर मारेल या भीतीने तो तोंड मिटून येतो. म्हणून हाक दिल्यावर उत्तर नाही आलं तरी निदान वीस मिनिटं जागा सोडू नका, आणि त्या वीस मिनिटांत मोबाईल बाहेर काढू नका.

तो टप्प्यात आला की हाक बंद. त्याचं डोकं जाड खोडाआड गेलं की धनुष्य ओढा. मोकळ्या वाटेत तो चालत असतानाच आला तर तोंडातल्या डायफ्रामने एक आखूड, जरा जोरात मादीची हाक द्या. तो थबकतो, बहुतेक वेळा तुमच्याकडे मान वळवून. तुमच्याकडे दोन-तीन सेकंद असतात. चालत्या एल्कवर बाण सोडायचा नाही, याचं कारण हिशेबात आहे. सेकंदाला २६० फूट वेगाचा बाण ४० यार्डांना जवळजवळ अर्धा सेकंद घेतो. सावकाश चालणारा एल्क तेवढ्यात दोन फुटांहून जास्त पुढे जातो. छातीवर धरलेला बाण पोटात बसतो.

आणि आता तुमचे ते ४० आणि ५२.

एल्क मोठा असतो, हे नवशिक्याचा डोळा फसण्याचं मुख्य कारण. पाठीपासून छातीखालपर्यंत त्याची उंची दोन फुटांहून जास्त भरते. डोळ्याला हरणाच्या मापाची सवय असते, त्यामुळे एवढं धूड जवळ वाटतं. त्यात मध्ये घळ किंवा मोकळं कुरण असेल, ऊन पाठीमागून पडलेलं असेल तर ते आणखी जवळ येतं. दाट रानात, अंधुक उजेडात, फांद्यांच्या फटीतून तेच जनावर लांब वाटतं. म्हणजे एकाच संध्याकाळी तुमचा डोळा दोन्ही बाजूंना चुकू शकतो.

चुकीची किंमत अंतराबरोबर कशी वाढते ते आकड्यांत सांगतो. वेग २६० फूट धरलाय, तुमच्या धनुष्याचा थोडा इकडेतिकडे असेल. पिन म्हणजे साइटमधली नेम धरायची खूण, ठरावीक अंतराला एकेक. २० ची पिन लावून प्रत्यक्षात २५ यार्ड निघाले तर बाण दोन इंच खाली बसतो, कोणाला कळतही नाही. ४० ची पिन लावून ४५ निघाले तर पाच-साडेपाच इंच. ६० ची पिन आणि ६५ निघाले तर आठ इंच. आणि ४० ची पिन लावून ५२ असतील तर पंधराएक इंच. एल्कच्या काळीज-फुप्फुसांची जागा ढोबळमानाने पंधरा-सोळा इंच उंच, म्हणजे मध्यावर धरलं तर वर-खाली सात-आठ इंचांची मुभा. तुम्ही छातीच्या मध्यावर धरलं असणार, पंधरा इंच खाली गेलं की छातीखालची हवा. तुमचं धनुष्य, तुमचा हात, सगळं बरोबर होतं. चार इंच कमी चुकला असता तर मात्र पाय किंवा छातीची खालची कड फुटली असती आणि जखमी जनावर हाती न लागता रानात गेलं असतं. त्या मानाने तुमचं बरं झालं.

यावर उपाय म्हणजे नर आल्यावर मोजायचं नाही, नर येण्याआधी मोजायचं. जागेवर बसलात की पहिलं काम रेंजफाइंडर. समोरच्या तीन-चार ठळक खुणा घ्या: जळका बुंधा 'बावीस', दुहेरी खोडाचा ॲस्पेन 'एकतीस', पांढरा धोंडा 'अडतीस'. तोंडाने दोनदा पुटपुटा. मग ३८ च्या पलीकडचं सगळं तुमच्यासाठी नाहीच असं धरा. नर धोंड्याच्या अलीकडे आला की प्रश्न उरतो तो फक्त बुंध्याजवळ का ॲस्पेनजवळ एवढाच, आणि हात हलवून रेंजफाइंडर डोळ्याला लावावा लागत नाही. त्या हालचालीनेच निम्मे नर जातात. आलेल्या जनावरावर मोजायची वेळ आलीच तर समोरच्या फांदीवरून किंवा गवतावरून लेझर परतून भलताच आकडा देतो, म्हणून दोनदा दाबा, आणि आकडे जुळले नाहीत तर त्याच्या मागच्या झाडावर मोजा.

यंत्र खिशात असलं तरी डोळा तयार पाहिजेच, कारण खुणांच्या मधल्या जागा डोळ्यानेच भरायच्या असतात. इथे आपल्या लोकांकडे एक गोष्ट आयती आहे. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड. एका यष्टीपासून दुसऱ्या यष्टीपर्यंतचं अंतर तुम्ही लहानपणापासून इतक्या वेळा बघितलंय, धावलंय, की ते अंगात मुरलेलं आहे. रानात उभं राहून समोर एक खेळपट्टी मनाने टाका, तिच्या टोकापासून दुसरी. पहिलीच्या आत असेल तर २० ची पिन. दुसरीच्या शेवटाला असेल तर ४४, आणि ती माझ्या दृष्टीने नवशिक्याची हद्द ओलांडलेली. अमेरिकन मित्र हेच फुटबॉलच्या मैदानावरच्या दहा-दहा यार्डांच्या रेषांनी करतात. रोज फिरायला जाताना करा: पत्रपेटी किती, तो खांब किती, आधी मनात आकडा, मग यंत्र. पाऊस, धुकं, संध्याकाळ, चढ, उतार, सगळ्या वेळांना करा. महिनाभरात ४० यार्डांच्या आत तुमची चूक तीन-चार यार्डांवर येते, आणि तेवढी चूक बाण पचवतो.

चढ-उताराचं थोडं वेगळं. बाणाला खाली ओढणारं आकर्षण आडव्या अंतरावर काम करतं. तिरक्या रेषेत ४० यार्ड मोजले आणि उतार ३० अंशांचा असेल तर बाण मारायचा ३५ चा. वीस अंशांना फरक जेमतेम अडीच यार्ड. आजकालचे रेंजफाइंडर हा हिशेब करून देतात, तो पर्याय चालू आहे ना एवढं बघून घ्या. खरी अडचण अंगाची असते: उतारावर लोक नुसता हात खाली करतात आणि नेम बिघडतो. आधी सपाटीवर मारतोय असं समजून धनुष्य ओढा, मग कमरेतून वाका.

फांदीचंही लक्षात ठेवा. ४० यार्डांना सोडलेला बाण २० यार्डांवर तुमच्या नजरेच्या रेषेच्या सातआठ इंच वरून जातो. समोरची वाट डोळ्याला मोकळी दिसते आणि बाण वरच्या काटकीला लागून भरकटतो. तपासायची सोय साइटमध्येच आहे: ४० ची पिन नरावर धरा आणि २० ची पिन कुठे पडते बघा. २० यार्डांवरची फांदी तिच्यावर आली तर तो बाण सोडू नका.

हद्द किती ठेवावी? माझ्या ओळखीत ७० यार्डांवर चहाच्या बशीएवढ्या वर्तुळात बाण घालणारे आहेत, मैदानात. डोंगर चढून छाती भात्यासारखी चालली असताना, बोटं गारठलेली असताना, सातशे पौंडांचा नर समोर फुरफुरत असताना तेच लोक ४० वर थांबतात. तुमच्यासाठी कसोटी अशी: सकाळी घराबाहेर पडून पहिलाच बाण, ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार पातं, लावून, जिथून आठ इंचांच्या वर्तुळात दर वेळी बसतो, ती हद्द. दुसरा बाण मोजायचा नाही. कॅम्पवर पोचलात की तिथेही एकदा मारून बघा, दहा हजार फुटांवर हवा विरळ असते आणि प्रवासात साइट हललेलाही असतो.

यावरून इशी आठवतो. 'याही' नावाच्या आदिवासी जमातीचा हा माणूस १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ रानातून बाहेर आला आणि सॅन फ्रान्सिस्कोत सॅक्स्टन पोप या डॉक्टराला त्याने धनुष्य शिकवलं. अमेरिकेतल्या आधुनिक धनुर्शिकारीचं मूळ बरंचसं तिथे आहे. पोपने नोंदवून ठेवलंय की इशीचे शिकारीतले बाण दहा ते पन्नास यार्डांच्या आतले असत, आणि तो बोटांवर ओठ लावून सशाची केविलवाणी चीं काढून जनावरं जवळ बोलावत असे. नेमबाजीच्या मैदानात पोप आणि त्याचे मित्र त्याला हरवायचे.

बाण कुठून मारायचा हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. नर आडवा उभा असेल, किंवा किंचित तुमच्यापासून पलीकडे वळलेला असेल, तरच. समोरून येणाऱ्या नराच्या छातीवर मारणारे आहेत, मी तो बाण नव्या माणसाला सुचवणार नाही. समोरून येऊन उभा राहिला तर थांबा. त्याला मादी दिसलेली नसते, तो वळतोच, आणि वळताना बाजू देतो. मागे मित्र असेल तर त्याने याच वेळी एका बाजूला सरकून सौम्य हाक द्यायची असते.

बाण लागला की लगेच, त्याच श्वासात, मादीची हाक द्या, दोन-तीनदा. पळायला निघालेला नर पुष्कळदा पन्नाससाठ यार्डांवर थबकतो आणि तिथेच पडतो. तो उभा होता ते ठिकाण आणि शेवटचा दिसला ते झाड, दोन्ही जागेवरूनच रेंजफाइंडरने मोजून ठेवा, नाहीतर खाली उतरल्यावर सगळी झाडं सारखी दिसतात. बाण फुप्फुसात गेल्याची खात्री असेल, रक्तात बुडबुडे असतील, तर अर्धा-पाऊण तास थांबून माग काढा. रक्त गडद असेल तर यकृत, निदान चार तास. बाणाला हिरवट घाण असेल तर आठ-दहा तास, रात्र काढावी लागली तरी. सप्टेंबरात दुपारी ऊन कडक असतं, म्हणून नर सापडल्या सापडल्या कातडं उतरवून चारही फऱ्या वेगळ्या करून जाळीच्या पिशव्यांत सावलीला टांगायच्या. खाण्याजोगं मांस रानात सोडून येणं कोलोरॅडोत गुन्हा आहे, आणि मोठ्या नराचं हाडं काढून मांस दोनशे पौंडांच्या आसपास भरतं. गाडीपासून चार मैल आत नर बोलला तर त्याच्यामागे जाण्याआधी तुम्ही आणि मित्र मिळून किती फेऱ्या मारू शकता ते ठरवा.

कॉल घ्यायचेच असतील तर वेगवेगळ्या कंपन्यांचे एक पडद्याचे, पातळ लॅटेक्सचे दोन डायफ्राम घ्या, कारण प्रत्येकाची टाळू वेगळी असते आणि कुठली चौकट बसते ते तोंडात घातल्याशिवाय कळत नाही. एक दातात धरायचा साधा कॉल मित्रासाठी. आता घेतलेत तर सप्टेंबरपर्यंत गाडीत पुरेसा सराव होईल.